३६ मधलं चांदीचं फिलिंग दोन पिन असूनही अख्खं निघालं. रिटेन्शन (फिलिंगची दातातली पकड) कशाने वाढवावं?

कोथरूड_दंतवैद्य

पेशंट ४५ वर्षांचे, भोरच्या पुढून येतात. खालची डावी पहिली दाढ, ३६. दोन्ही लिंग्वल (जिभेकडचे) कस्प, म्हणजे दाढेचे उंचवटे, गेलेत, बकल (गालाकडचे) कस्प उभे आहेत. डिस्टोलिंग्वल (मागच्या, जिभेकडच्या कोपऱ्यातलं) मार्जिन, म्हणजे कॅव्हिटीची कड, हिरडीखाली साधारण १ मिमी. थंड लावल्यावर प्रतिसाद नॉर्मल, ठोकून दुखत नाही, एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काही नाही. रोजचं खाणं ज्वारीची भाकरी, सुपारीची सवय आहे. क्राउनचा खर्च आत्ता झेपणार नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय.

पहिलं फिलिंग आठ महिन्यांत निघालं. दुसऱ्या वेळी दोन मिनिम पिन (दातात फिरवून बसवायच्या बारीक धातूच्या पिन) घातल्या होत्या, एक मेसिओलिंग्वल (पुढच्या, जिभेकडच्या कोपऱ्यात) आणि एक डिस्टोलिंग्वल. आता तेही अख्खं निघालंय, तुकडे न होता. डिस्टलची पिन अमाल्गमला (चांदीच्या फिलिंगला) चिकटूनच बाहेर आली. मेसिअलची डेन्टिनमध्ये (एनॅमलखालच्या थरात) घट्ट आहे. लिंग्वल बाजूचा तळ बाहेरच्या बाजूला उतरता आहे.

प्रश्न असा: आता पिन वाढवाव्यात, की स्लॉट (डेन्टिनमधली चर) करावा, की बाँडिंग (रेझिनने चिकटवणं)? पुन्हा तेच करून पुन्हा तेच होऊ नये एवढंच हवंय.

बर_नंबर_३३०

मॅडम, पिनची संख्या नंतर. आधी निघालेल्या तुकड्याकडे बघा, निम्मं उत्तर त्यातच आहे.

फिलिंग मधोमध तुटलं असतं तर दोष रेझिस्टन्सचा (चावण्याचा दाब सोसण्याचा), म्हणजे अमाल्गमची जाडी कमी पडली किंवा आतली कड टोकदार राहिली. अख्खं सुटलं तर दोष रिटेन्शनचा. तुमच्याकडे अख्खं सुटलंय, पण मला रेझिस्टन्सचाही दोष दिसतो, कारण तुम्हीच लिहिलंय की तळ उतरता आहे. भाकरी चावताना येणारा दाब त्या उतारावरून फिलिंगला जिभेकडे ढकलतो. समोर थोपवायला लिंग्वल भिंत नाही. मग प्रत्येक घासाला सगळा आडवा भार पिनवर. पिन उभी ओढ सहन करायला ठीक, रोजची आडवी ढकल तिने एकटीने पेलायची नसते.

म्हणून पहिलं काम: उतार मोडून पायऱ्या करा. दाताच्या उभ्या अक्षाला काटकोनात असलेले सपाट तळ, एक वर, एक खाली, मध्ये उभी भिंत. सगळा तळ एका पातळीवर आणायचा हट्ट नको, तसं केलं तर पल्पच्या (दाताच्या नसेच्या) जवळ जाल. जिथे डेन्टिन आहे तिथेच पायरी. आतल्या कडा किंचित गोल, बाहेरची कड ९० अंशाची. अमाल्गमची धार पातळ सुटली की ती तुटणारच, त्यामुळे मार्जिनला बेव्हल (तिरका उतार) देऊ नका.

दुसरं, बकल कस्प नीट तपासा. मधल्या खाचेपासून कस्पच्या टोकापर्यंत जे अंतर असतं त्याच्या दोन तृतीयांशाहून जास्त कॅव्हिटी पसरली असेल तर तो कस्प तसाच ठेवू नये, कमी करून अमाल्गमखाली घ्यावा. खालच्या दाढेचे बकल कस्प चावणारे, त्यामुळे तिथे २ ते २.५ मिमी जागा हवी. लिंग्वलला १.५ ते २ मिमी चालते. आधी डेप्थ ग्रूव्ह (खोली ठरवणाऱ्या खुणेच्या चरी) पाडा आणि मग जोडा, नुसत्या अंदाजाने कस्प कापला की हमखास दीड मिमीवर हात थांबतो. कस्प कमी केला की भिंतीची उंची जाते आणि रिटेन्शन कमी होतं हे खरं, ते स्लॉटने भरून काढता येतं. पोकळ झालेला कस्प ठेवून तो सहा महिन्यांनी हिरडीखाली तुटला तर मात्र भरून काढायला काही उरत नाही.

मेसिअल आणि डिस्टल बॉक्सच्या (शेजारच्या दातांकडच्या पेटीसारख्या भागाच्या) भिंती वरच्या बाजूला किंचित जवळ येणाऱ्या हव्यात. पुन्हा पुन्हा कॅव्हिटी साफ करताना त्या बाहेर उघडत जातात आणि लक्षातही येत नाही.

कॉन्स_पुणे

वरच्या उत्तराशी सहमत. पिनबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण एक पिन बाहेर आली आणि एक राहिली यालाही अर्थ आहे.

पिन अमाल्गममध्ये घट्ट आणि डेन्टिनमधून सुटलेली, म्हणजे छिद्रात गडबड. सेल्फ-थ्रेडिंग पिनचं छिद्र पिनपेक्षा बारीक असतं आणि डेन्टिनच्या लवचिकतेवर पिन धरते. मिनिम पिन ०.६१ मिमी, तिचा ड्रिल ०.५३. मिनिकिन पिन ०.४८, ड्रिल ०.४३. म्हणजे सगळा खेळ मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी फरकाचा. ड्रिल छिद्रात दोन-तीनदा आतबाहेर केला किंवा हात जरा हलला की हा फरक संपला. मग पिन फिरवताना घट्ट वाटते पण धरलेली नसते.

करायची पद्धत अशी. जागा लाइन अँगलजवळ (दाताच्या दोन बाजू मिळतात त्या कोपऱ्याजवळ) निवडा. खालच्या दाढेत लिंग्वल आणि बकल बाजूच्या बरोबर मध्यावर पिन कधीच नको, खाली मुळांचा दुभाग असतो. डीईजेपासून (एनॅमल आणि डेन्टिन मिळतात ती सीमा) किमान अर्धा मिमी आत आणि दाताच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून १ ते १.५ मिमी आत. पिनच्या चहूबाजूंनी डेन्टिन हवं आणि अमाल्गम दाबायला भिंतीपासून अर्धा मिमी मोकळी जागाही हवी. ही दुसरी अट बहुतेक वेळा विसरली जाते. भिंतीला खेटून पिन असेल तर मध्ये कंडेन्सर (अमाल्गम दाबायचं हत्यार) जात नाही आणि तिथे पोकळी राहते.

आधी पाव नंबरच्या राउंड बरने (हँडपीसमधल्या गोल टोकाने) अर्ध्या डोक्याएवढा खळगा करा, नाहीतर ड्रिल सुरुवातीलाच सरकतो. मग एक सपाट पातळ हत्यार दाताच्या बाहेरच्या पृष्ठभागाला टेकवून हिरडीच्या खाचेत धरा आणि ड्रिल त्याला समांतर ठेवा. खालच्या दाढांचा क्राउन जिभेकडे कललेला असतो. तुमची चावण्याच्या पृष्ठभागाला काटकोन करायची सवय असेल तर ड्रिलची दिशा चुकते, आणि लिंग्वल बाजूला चुकलेली दिशा म्हणजे बाहेर छिद्र.

हँडपीस ३०० ते ५०० फेऱ्यांवर. ड्रिल फिरता ठेवूनच आत, फिरता ठेवूनच बाहेर. आत असताना थांबवला की तो अडकून तुटतो. एका झटक्यात, फार तर दोन हालचालींत २ मिमी खोली. खांदा असलेला ड्रिल असेल तर तो तिथे आपोआप थांबतो, पण तळ तिरका असेल तर खांद्याची एकच बाजू आधी टेकते आणि छिद्र उथळ राहतं. तुमच्या डिस्टल पिनचं बहुधा हेच झालं असावं. म्हणजे पुन्हा गाडी त्या उतरत्या तळावरच येते. ड्रिल वीस-एक छिद्रांनंतर बदला. बोथट ड्रिल तापतो आणि डेन्टिनला तडे देतो.

पिन हाताच्या रेंचने बसवत असाल तर तळाला टेकल्यावर पाव ते अर्धा फेरा उलटा फिरवा, म्हणजे छिद्राच्या तळावरचा ताण सुटतो. पिन डेन्टिनमध्ये २ मिमी आणि अमाल्गममध्ये २ मिमी, याहून जास्त लांबीने काही मिळत नाही. तिच्या वर किमान २ मिमी अमाल्गम हवं. लांब राहिली तर कापताना बर पिनला काटकोनात धरा. तिरका धरला तर तो तिला उलटा फिरवून सैल करतो. वाकवायची असेल तर वाकवण्याच्याच हत्याराने. हाताशी असलेल्या एक्सकॅव्हेटरने दाबली की कडेचं डेन्टिन फुटतं.

संख्या: गेलेल्या प्रत्येक कस्पमागे किंवा लाइन अँगलमागे एक. मिनिम असतील तर दोन पिनमध्ये ५ मिमी, मिनिकिन असतील तर ३ मिमी अंतर. पिनने अमाल्गम मजबूत होतं हा समज चुकीचा आहे. पिन अमाल्गमला फक्त दाताशी धरून ठेवते आणि स्वतःच्या आजूबाजूला त्याची ताकद थोडी कमीच करते. त्यामुळे तिसरी-चौथी पिन हा उपाय नाही.

पिन घालताना रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा) हवाच. सुटी पिन घशात जाणं हा छोटा धोका नाही.

हडपसर_क्लिनिक

माझं मत जरा वेगळं. या दातात नवीन पिन घालूच नये.

पल्प जिवंत आहे, एकदा दोन छिद्रं झालीच आहेत, आणि जुन्या छिद्रापासून दूर नवी जागा शोधताना तुम्ही त्या दुभागाकडे सरकणार. मी इथे स्लॉट करेन. ३३½ नंबरचा इन्व्हर्टेड कोन बर घ्या. डीईजेपासून ०.५ मिमी आत, जिंजायव्हल फ्लोअरवर (हिरडीकडच्या तळावर) आडवी चर, रुंदी बरच्या डोक्याएवढी म्हणजे ०.६ मिमीच्या आसपास, खोली ०.५ ते १ मिमी. डिस्टोलिंग्वल कोपऱ्यातून सुरू करून लिंग्वल बाजूने जाऊ द्या. सलग करायची गरज नाही. दुभागाच्या वर डेन्टिन पातळ वाटलं तर तिथे सोडून द्या आणि दोन्ही कोपऱ्यांत २ ते ४ मिमीचे दोन स्वतंत्र तुकडे करा. त्या बरचं डोकं खाली रुंद असल्याने चरीला आपोआप अंडरकट मिळतो, फक्त तो बर काढताना तिरका काढू नका, नाहीतर वरची कड उडते.

स्लॉटला पिनपेक्षा डेन्टिन जास्त जातं हे मान्य. पण ताण एका ठिकाणी साठत नाही, तडे जात नाहीत आणि पल्पपर्यंत किंवा बाहेर जाण्याची भीती कमी.

जिथे स्लॉटला लांबी मिळत नाही तिथे अमाल्गॅपिन. ही पद्धत शॅव्हेल यांनी १९८० मध्ये मांडली. ३३० बरने, ज्याचं डोकं ०.८ मिमी व्यासाचं असतं, डेन्टिनमध्ये १.५ ते २ मिमी खोल खळगा करायचा, तोंडाची कड थोडी गोल करायची आणि त्यात अमाल्गमच दाबायचं. धातूची पिन नाही, अमाल्गमचाच खुंट. तोंडाची कड गोल केली नाही तर खुंट बरोबर मानेपाशी मोडतो, बहुतेक फसलेले अमाल्गॅपिन इथेच फसतात.

मेसिअल बॉक्स अजून शाबूत असेल तर तिथे लॉकही (उभी बारीक खाच) द्या. अ‍ॅक्सिओबकल आणि अ‍ॅक्सिओलिंग्वल कोनात (आतली भिंत गालाकडच्या आणि जिभेकडच्या भिंतीला मिळते तिथे), डीईजेपासून ०.२ मिमी आत, १६९एल बरने, खाली अर्धा मिमी खोल आणि वर जाताना विरत जाणारं. लॉक डीईजेवरच घेतलं तर एनॅमल खालून पोकळ होतं, हे सांभाळा.

कोथरूड_दंतवैद्य

सगळ्यांचे आभार. डिस्टलचं छिद्र मोजलं: एका बाजूने १.५ मिमी, दुसऱ्या बाजूने जेमतेम १. कॉन्स_पुणे सरांचा अंदाज बरोबर होता.

तीन शंका. एक, बाँडिंगने स्लॉट-पिनचं काम टळेल का? दोन, तळावर आधी कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा थर होता, तो पुन्हा द्यावा का? तीन, मेसिअलची जुनी पिन काढावी की ठेवावी?

बर_नंबर_३३०

बाँडिंग: टळणार नाही. कॉक्रेनच्या (संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या) आढाव्यातही बाँड केलेलं अमाल्गम साध्यापेक्षा जास्त टिकतं असा पुरावा मिळालेला नाही. मोठ्या फिलिंगमध्ये पिनवाल्यांच्या तोडीस तोड टिकलेली बाँड केलेली फिलिंग नोंदली गेली आहेत, पण तिथेही कॅव्हिटीचा आकार नीट केलेला होता. वापरायचंच तर जोड म्हणून वापरा. ४-मेटा किंवा एमडीपी (धातूला चिकटणारी रसायनं) असलेलं, दोन भाग मिसळून आपोआप सेट होणारं. एच (आम्लाने पृष्ठभाग खरबरीत करणं) १५ सेकंद, धुणं, प्राइमर, मग मिसळलेला थर पातळ लावायचा आणि तो ओला असतानाच अमाल्गम दाबायचं. दोघं एकमेकांत घुसले तरच पकड येते. थर सेट झाल्यावर अमाल्गम भरलं तर सगळी मेहनत वाया. मॅट्रिक्स बँडला (भरताना दाताभोवती लावायच्या धातूच्या पट्टीला) आतून व्हॅसलीनचा अगदी पुसट हात द्या, नाहीतर बँड काढताना फिलिंगही सोबत येतं. स्लॉटमध्ये रेझिन साचू देऊ नका, ती जागा अमाल्गमची आहे.

लायनर (तळावरचा संरक्षक थर): पूर्ण तळावर बिलकुल नको. पल्पवर डेन्टिन अर्धा मिमीहून कमी उरलंय असं वाटेल तिथेच ठिपक्याएवढं कॅल्शियम हायड्रॉक्साइड, त्यावर रेझिन मॉडिफाइड ग्लास आयनोमर. कॅल्शियम हायड्रॉक्साइड नरम असतं आणि ओल मिळाली की विरघळतं. अख्खा तळ त्याने झाकला तर अमाल्गम गादीवर बसल्यासारखं बसतं, दाबाखाली हलतं आणि मोडतं. क्रम महत्त्वाचा: आधी लायनर, मग स्लॉट कापायचा. उलट केलं की लायनर स्लॉटमध्ये ओघळतो आणि तिथली पकड संपते.

पिंपरी_एंडो

थोडक्यात दोन गोष्टी.

पुढे कधी पल्प गेला आणि रूट कॅनॉल करावं लागलं तर याच दातात पिन-स्लॉट काही लागणार नाही. पल्प चेंबरच रिटेन्शन देतो. चेंबरची उंची ४ मिमी किंवा जास्त असेल तर तेवढ्यात भागतं. कमी असेल तर प्रत्येक कॅनॉलमधून गटापर्चा (कॅनॉल भरायचा पदार्थ) २ ते ४ मिमी काढून तिथपर्यंत अमाल्गम दाबायचं. याला नय्यर कोअर म्हणतात, १९८० ची पद्धत. काढताना गरम हत्यार किंवा गेट्स ग्लिडन ड्रिल, आणि चेंबरचा तळ अजिबात खरवडायचा नाही. कस्प मात्र त्या वेळी झाकावेच लागतील.

दुसरं, मिनामाता या पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या २०२२ मधल्या निर्णयानुसार सुटा पारा वापरायचा नाही आणि दुधाचे दात, १५ वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांच्यात अमाल्गम टाळायचं आहे. युरोपियन युनियनमध्ये १ जानेवारी २०२५ पासून ते जवळपास बंदच आहे. तुमच्या पेशंटला यातलं काही लागू नाही, पण खलबत्त्यात घोटलेलं अमाल्गम असेल तर आता कॅप्सूलवर या. रिटेन्शनच्या दृष्टीनेही. पारा-भुकटीचं प्रमाण हाताने दर वेळी सारखं येत नाही आणि कोरडं मिश्रण स्लॉटच्या कोपऱ्यात बसतच नाही. उरलेलं अमाल्गम घट्ट झाकणाच्या बरणीत, बेसिनमध्ये नाही.

हडपसर_क्लिनिक

आता भरण्याबद्दल. उत्तम कापलेला स्लॉट रिकामा राहिला तर त्याचा उपयोग शून्य, आणि तो रिकामा राहतो तो कंडेन्सेशनमध्ये.

रबर डॅम, क्लॅम्प ३७ वर (मागच्या दाढेवर). डिस्टोलिंग्वल मार्जिन हिरडीखाली आहे म्हणून तिथे रक्त येणार. ते पूर्ण थांबल्याशिवाय कॅप्सूल फोडू नका. झिंक असलेल्या अलॉयमध्ये भरताना ओल गेली की हायड्रोजन तयार होतो, तीन-चार दिवसांनी फिलिंग फुगायला लागतं, वर सरकतं, दुखतं. मग लोक रिटेन्शनला दोष देतात.

टॉफलमायरचा (रिटेनरने आवळायचा) मॅट्रिक्स बँड लिंग्वलला उघडा पडतो, कारण तिथे टेकायला दातच नाही. लिंग्वलकडून वेज (पाचर) घट्ट बसवा, बाहेरून ग्रीन स्टिक कंपाउंड तापवून बँडवर दाबा आणि गार होऊ द्या. बोटाने दाबल्यावर बँड हलत असेल तर अमाल्गम दाबलंच जात नाही, नुसतं सरकतं.

स्लॉट आणि पिनभोवती स्फेरिकल (गोल कणांचं) अलॉय लवकर आणि सहज बसतं, शिवाय पहिल्या तासातली ताकद चांगली. अ‍ॅडमिक्स्डने (मिश्र कणांच्या अलॉयने) शेजारच्या दाताशी कॉन्टॅक्ट चांगला येतो. या केसमध्ये मी स्फेरिकल घेईन आणि कॉन्टॅक्ट बँडला बर्निश करून मिळवेन. पहिला घास अगदी छोटा, स्लॉटमध्ये जाईल अशा बारीक कंडेन्सरने. चर भरली की मगच मोठा कंडेन्सर. स्फेरिकलमध्ये शेवटपर्यंत बारीक कंडेन्सर वापरलात तर तो नुसता आत घुसत राहतो. दाब खाली आणि भिंतींकडे, दोन्हीकडे.

एवढ्या मोठ्या फिलिंगला दोन-तीन कॅप्सूल लागतील. एक संपत आली की सहायकाने दुसरी फिरवायला लावायची. फिरवून तीन-चार मिनिटं झालेलं मिश्रण टाकून द्या, ते आधीच्या थराशी जुळत नाही आणि तिथून पापुद्रा सुटतो. वर साधारण १ मिमी जास्त भरा, पारा जास्त असलेला थर कार्व्हिंगमध्ये निघून जातो.

बँड काढायची घाई नको. वरचं कार्व्हिंग झाल्यावर आधी रिटेनर सोडवा, बँड तिरका बाजूने ओढा, सरळ वर नाही. वेज त्या वेळी जागेवरच ठेवा. चावून बघताना ‘हळूच टेकवा’ असं आधी सांगा. भूल दिलेली असते, पेशंट जोरात चावतो आणि ताजं फिलिंग तिथेच तडकतं. त्या बाजूने २४ तास काही चावायचं नाही. सुपारी आणि भाकरीचं नाव घेऊनच सांगा, ‘कडक खाऊ नका’ म्हटलं की भाकरी त्यात येते असं कुणाला वाटत नाही.

कॉन्स_पुणे

राहिली मेसिअलची पिन. ती काढू नका.

घट्ट सेल्फ-थ्रेडिंग पिन उलटी फिरवून काढायचा प्रयत्न केला की डेन्टिनला तडा जाण्याचीच शक्यता जास्त, आणि त्या जागी राहिलेलं छिद्र तुमच्या उपयोगाचं नाही. चिमट्यात धरून हलक्या हाताने हलवून बघा. जराही हलली तर विषय वेगळा, मग ती काढावी लागेल. नाही हलली तर ठेवा. तिच्यावर जुनं अमाल्गम, लायनर चिकटलेलं असेल तर अल्ट्रासॉनिकने नको, थरथरीने सैल होते. एक्सप्लोररने खरवडून आणि प्युमिसने पुसून स्वच्छ करा. उंची मोजा: २ मिमीहून जास्त असेल तर काटकोनात बर धरून कापा, आणि तिच्यापासून भिंतीपर्यंत अर्धा मिमी जागा आहे का ते बघा.

डिस्टलचं रिकामं छिद्र तसंच सोडू नका. त्यात मोठी पिन घालायचा मोह होईल, पण मिनिमच्या वर रेग्युलर, ०.७८ मिमीची, ती जिवंत दातात नको. त्यापेक्षा तेच छिद्र ३३० बरने रुंद करून, त्याची कड गोल करून अमाल्गॅपिन करा. आधी एक्स-रेवर तिथून पल्प किती दूर आहे ते बघा आणि खोली १.५ मिमीवर थांबवा. म्हणजे डिस्टलला अमाल्गॅपिन आणि छोटा स्लॉट, मेसिअलला जुनी पिन आणि बॉक्समध्ये लॉक, मध्ये पायरी. खुंट करताना रक्ताचा ठिपका दिसला तर तिथेच थांबा, त्यात अमाल्गम दाबू नका. रक्त थांबवून कॅल्शियम हायड्रॉक्साइड, वर ग्लास आयनोमर, आणि रिटेन्शन स्लॉटवर घ्या. पेशंटला दुखण्याची कल्पना देऊन ठेवा आणि परत बोलावून थंड टेस्ट पुन्हा करा.